नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत

शीर्षकातलं वाक्य माझं नाही. तुम्ही ते वर्षातून दहा वेळा तरी वाचता. शाळेत, वसतिगृहात, लग्नात, भंडाऱ्यात, कुठेतरी शंभर-दोनशे माणसं जेवतात, रात्री उलट्या सुरू होतात आणि सकाळी बातमी येते. बातमीचा साचा ठरलेला असतो. इतक्या जणांना विषबाधा, सर्वांची प्रकृती स्थिर, ठेकेदाराला नोटीस, आणि शेवटच्या ओळीत, अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले आहेत. माझा प्रश्न साधा आहे. त्या नमुन्यांत काय सापडलं, हे सांगणारी बातमी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

मी कुंभवलीचा. बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीकडे निघालात की लागतं ते गाव. २०२४च्या ऑगस्टमध्ये, पालघर जिल्हा दहा वर्षांचा झाला त्याच आठवड्यात, डहाणू प्रकल्पातल्या आश्रमशाळांमधली अडीचशेच्या आसपास मुलं-मुली रात्रीच्या जेवणानंतर आजारी पडली. मळमळ, उलट्या, चक्कर. जेवण आलं होतं बोईसरजवळच्या कांबळगावातल्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून. तिथे तेव्हा रोज मोठाल्या भांड्यांत रांधलं जायचं आणि गाड्यांतून लांबलांबच्या आश्रमशाळांना पोचवलं जायचं. मुलांना रुग्णालयात नेलं, उपचार झाले, मंत्री-अधिकारी बोलले, नमुने गेले. माझ्या फोनवर तीन ग्रुपांत एकच व्हिडिओ आला. आठवड्याभरात ग्रुप गणपतीच्या वर्गणीकडे वळले.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे रात्री अडीचला सर्व्हर पडला तर सकाळी पहिला प्रश्न 'कुणी केलं' हा नसतो. तसा तो असू नये असं आम्हाला पगार देऊन शिकवलेलं असतं. पहिला प्रश्न असतो, किती वाजता सुरू झालं आणि त्याआधी काय बदललं. मग लॉग काढायचे, वेळा जुळवायच्या, आठवड्याभरात लेखी अहवाल द्यायचा, आणि तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवायचा. एखाद्या ॲपमधलं 'पेमेंट अयशस्वी' वीस मिनिटं दिसलं म्हणून आम्ही एवढं करतो. अडीचशे मुलं आजारी पडल्यावर एवढंही होत नसेल, तर मग ती मुलं एखाद्या पेमेंटपेक्षा स्वस्त आहेत असं म्हणावं लागेल, आणि मी ते म्हणतोय.

आता त्या प्रसंगाकडे जरा थंड डोक्याने बघा. एकच स्वयंपाकघर, एकच मेनू, अनेक शाळा. काही शाळांत डबे लवकर पोचतात, काहींत उशिरा. काही ठिकाणी आल्या आल्या वाढतात, काही ठिकाणी मुलं खेळून येईपर्यंत थांबतात. म्हणजे निसर्गाने स्वतःच एक प्रयोग मांडून ठेवला होता. प्रत्येक शाळेची फक्त चार आकड्यांची ओळ करा: डबा किती वाजता आला, किती वाजता वाढला, किती मुलं जेवली, किती आजारी पडली. जर सगळ्या शाळांत आजारी पडण्याचं प्रमाण साधारण सारखं असेल, तर गडबड स्वयंपाकघरातच झाली. जर डबा जितका उशिरा उघडला तितकं प्रमाण जास्त असेल, तर स्वयंपाक ठीक होता, जीवाणू वाढले ते वाटेत. पहिल्या निदानावर उपाय स्वयंपाकघरात आहे. दुसऱ्यावर गाडीत आणि डब्यात आहे, तिथे स्वयंपाक्यांना कितीही हातमोजे घातलेत तरी उपयोग शून्य. ही ओळ भरायला प्रयोगशाळा लागत नाही. वही आणि पेन लागतं, आणि मुलांना विचारायची बुद्धी लागते.

या बुद्धीला साथरोगशास्त्र म्हणतात. कोविडमध्ये हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकला आणि मास्कबरोबर फेकून दिला.

मुळात आपला शब्दच चुकलाय. 'विषबाधा' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कुणीतरी कालवलेलं विष. पाल पडली असेल. कुणीतरी सूड घेतला असेल. तेलात भेसळ असेल. पाल हा तर आपला राष्ट्रीय संशयित आहे. घराघरांत भिंतीवर फिरणारी पाल विषारी नसते हे शाळेत शिकवूनही ती दरवर्षी कितीतरी पातेल्यांत पडते. खरं विषही कधीकधी असतं. बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली, त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. ती विषबाधाच. पण बहुतेक वेळा जे घडतं ते वेगळं असतं. जीवाणू आधी अन्नात वाढतात, मग अन्नात किंवा आपल्या आतड्यात आपलं काम करतात. त्याला वास नसतो, रंग नसतो, चव नसते, हेतू नसतो. तिथे 'विष कुणी कालवलं' हा प्रश्नच गैरलागू आहे. आणि आपली सगळी चौकशी त्याच प्रश्नावर उभी असते.

आम्हा बोईसर-तारापूरकरांना तर हे समजणं आणखी अवघड. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं होतं; आयुष्यात आमचा असा पहिला नंबर तोच. आमच्याकडे घाण दिसते. नाल्याला रंग असतो, हवेला वास असतो, आणि रात्रपाळीवरून आलेला बाप दारात उभा राहिला की आज कुठल्या प्लांटला होता ते घरातल्यांना कळतं. त्यामुळे डोळ्यांवर आणि नाकावर आमचा फार विश्वास. भाताला वास येत नाही ना, मग चांगला आहे. इथे लहानाची मोठी झालेली माझ्यासारखी मुलं रसायनाला घाबरतात आणि दुपारच्या भाताला नाही.

भाताची गोष्ट मला पुरती माहीत आहे, कारण तो मी खाल्लाय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर रविवारी फीस्ट होती. पनीर, पुलाव, दही-बुंदी, गुलाबजाम. साडेआठला जेवलो, अकराला आमच्या मजल्यावरची दोन्ही बेसिनं तुंबली होती. सकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत: पनीर खराब होतं. पनीर महाग, पनीर बाहेरून आलेलं, त्यामुळे पनीरच. मी तेव्हा नुकताच गुगल फॉर्म बनवायला शिकलो होतो आणि सलाईन उतरल्यावर तिसऱ्या दिवशी एक फॉर्म फिरवला. काय काय खाल्लं, किती वाजता जेवलात, त्रास कधी सुरू झाला. मुलांनी शिव्या घालत भरला. शीट उघडली तर पनीर खाणारे आणि न खाणारे यांच्यात फारसा फरकच नव्हता. फरक होता पुलावात. पुलाव न घेतलेले मोजकेच होते, आणि ते मोजके ठणठणीत होते. मग मेसमधल्या काकांनी हळूच सांगितलं की फीस्टच्या दिवशी चुली पुरत नाहीत, म्हणून भात अकरालाच शिजवून झाकून ठेवतात आणि संध्याकाळी फोडणी देतात.

भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळून मरत नाहीत. भात झाकून तासन्‌तास कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक टॉक्सिन तयार करतात, जे फोडणीच्या तापमानाला अजिबात दाद देत नाही. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या. आमच्या बेसिनांची वेळ बरोबर त्यात बसते. पण बसते एवढंच. कुणाच्याही उलटीचा किंवा शौचाचा नमुना घेतला गेला नव्हता, भात धुऊन टाकला होता, त्यामुळे माझ्याकडे संशय आहे, पुरावा नाही. मी शीट घेऊन रेक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, राजकारण करू नकोस. ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने तेच काका ठेवले, तीच पातेली ठेवली, चुलीही तेवढ्याच होत्या. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं. माझा राग त्या ठेकेदारावर कधीच नव्हता.

मी काही नवा शोध लावला नव्हता, हे नंतर कळलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत १८ एप्रिल १९४० रोजी एका चर्चचं गावजेवण झालं. आपल्या सप्ताहाच्या पंगतीसारखंच, घरोघरून पदार्थ आलेले. रात्री लोक आजारी पडले. चौकशीला गेलेल्या माणसांनी जेवलेल्यांपैकी ७५ जणांना एकेक पदार्थ विचारला. आजारी ४६. व्हॅनिला आइसक्रीम खाल्लेले ५४, त्यातले ४३ आजारी. न खाल्लेले २१, त्यातले फक्त ३. संपलं. खाणाऱ्यांत शंभरातले ८०, न खाणाऱ्यांत शंभरातले १४. एवढ्या भागाकारासाठी कुठलंही मशीन लागलं नाही. ही यादी आज ऐंशीहून जास्त वर्षांनी जगभरच्या साथरोगशास्त्राच्या वर्गांत पहिल्या धड्यासारखी सोडवून घेतली जाते. आपल्याकडेही हे शिकवणाऱ्या संस्था आहेत. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र नेमकी अशीच माणसं तयार करतात. ती माणसं आहेत. तालुक्याच्या गावात रात्री अकराला ती नसतात.

वेळेवरून किती कळतं बघा. जेवल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या तर आधीच तयार झालेलं टॉक्सिन पोटात गेलंय: भातातला बॅसिलस, नाहीतर हातावरच्या जखमेतून अन्नात उतरलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस. दहा-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, ताप नाही, तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सकडे बघा. दुसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब, तर साल्मोनेला. टायफॉइडचा ताप तर आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी तीन आठवड्यांनी येतो. तोवर ती पंगत कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून पहिली उलटी किती वाजता झाली, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर हरवणारा पुरावा आहे. तो केसपेपरवर लिहिला जात नाही. केसपेपरवर लिहिलं जातं, 'फूड पॉयझनिंग'.

यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स मोठ्या स्वयंपाकघरांचा खास पाहुणा. त्याचेही बीजाणू उकळीत टिकतात. घरच्या छोट्या पातेल्यातली आमटी लवकर निवते, म्हणून तिथे त्याला वेळ मिळत नाही. पाचशे मुलांचं पातेलं मात्र मधोमध कित्येक तास कोमट राहतं. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. दुप्पट हा शब्द ऐकला की आम्हा कोडवाल्यांच्या अंगावर काटा येतो. एकाचे तासात ६४. दोन तासांत ४,०९६. तीन तासांत २,६२,१४४. तीन तास म्हणजे एक गाडी, एक खड्ड्यांचा घाट आणि एक बंद पडलेला टायर. अन्न गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधला पट्टा जीवाणूंचा. डब्यात टाकून बघायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. किती डब्यांबरोबर तो जातो?

त्याऐवजी आपल्याकडे चव रजिस्टर आहे. शालेय पोषण आहार वाढण्याआधी शिक्षकांनी किंवा पालकांनी चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. कीटकनाशकासारखं काही असेल तर त्याचा उपयोग होईल, त्यासाठी ते जरूर ठेवा. पण स्टॅफिलोकॉकसच्या टॉक्सिनला चव नसते, आणि साल्मोनेला खाल्लेल्या गुरुजींना त्रास होईल तो दुसऱ्या दिवशी, मुलं जेवून घरी गेल्यावर. 'चव चांगली' ही नोंद म्हणजे सर्व्हर पेटलेला असताना स्क्रीनवर हिरवा दिवा दाखवणं. तरीही प्रत्येक प्रकरणानंतर नवं परिपत्रक निघतं, चव काटेकोरपणे घ्या.

आणि मग शेवटी सगळं येऊन थांबतं स्वयंपाक करणाऱ्या बाईवर. हेही जुनंच. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची आयरिश स्वयंपाकीण होती. स्वतः धडधाकट, पण टायफॉइडचे जीवाणू अंगात वागवणारी. १९०७ साली तिला पकडून बेटावर ठेवलं, सोडलं, पुन्हा पकडलं, आणि मिळून २६ वर्षं ती तिथे एकटी राहून १९३८ साली मेली. तशीच जीवाणू बाळगणारी इतर माणसं शहरात मोकळी फिरत होती. तिच्या नावाची शिवी झाली. मेरीने सोडल्यावर पुन्हा स्वयंपाकाचं काम धरलं, ही तिची चूक खरीच. पण ते सोडून पोट कसं भरायचं हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. आपल्याकडे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळतं. त्यांच्या बोटाला विळीने कापलं आणि जखम पिकली, तर त्यांनी आठ दिवस स्वयंपाकाला हात लावू नये, हे विज्ञान सांगतं. आठ दिवस न आल्यावर त्यांचे पैसे कोण देणार, हे परिपत्रक सांगत नाही. भरपगारी आजारपणाची रजा ही अन्नसुरक्षेची सगळ्यात परिणामकारक साधनं आहेत त्यांतली एक आहे, असं मी म्हणालो की लोक हसतात. हसा.

'पण आपल्या देशात हे मोजणं शक्यच नाही,' असं आता कुणीतरी म्हणेल. शक्य आहे, आणि झालंय. टायफॉइड हा अन्नपाण्यातूनच येणारा जीवाणू. भारतात तो नक्की किती आहे हे वर्षानुवर्षं अंदाजावर चाललं होतं. बोईसरमध्येही ताप आला की विडाल चाचणी, 'टायफॉइड निघाला' आणि तीन दिवस सलाईन. विडालची पद्धत १८९६ सालची, आणि रक्ताच्या एकाच नमुन्यावरून ती सहज फसवते. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या जेकब जॉन आणि गगनदीप कांग यांनी, पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रासह देशभरच्या सहकाऱ्यांना घेऊन, एक कंटाळवाणं काम हातात घेतलं. २०१७ ते २०२०, चार ठिकाणी मिळून २४,०६२ मुलं. दर आठवड्याला चौकशी, ताप आला का? आला तर रक्ताचं कल्चर. बस. २०२३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे आले. शहरी वस्त्यांत एक लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते १,१७३ जणांना टायफॉइड. पुण्याच्या ग्रामीण भागात ३५.

हा ३५ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपो वाटला. गाव म्हणजे अस्वच्छ, शहर म्हणजे नळ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे. मोजल्यावर उलट निघालं. (सगळीच खेडी अशी नाहीत, त्याच अभ्यासात रुग्णालयांतून काढलेल्या अंदाजांत ठिकाणाठिकाणी प्रचंड तफावत आहे. मुद्दा तोच आहे, की घरी बसून ती तफावत कळत नाही.) मोजणीतून कृतीही होते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सरकारी मोहिमेतून मुलांना दिली. सरकारी व्यवस्थेतून ती लस देणारं ते जगातलं पहिलं ठिकाण. एक लाखाहून जास्त मुलांना ती मिळाली. कुठे द्यायची आणि का द्यायची, हे आधी कुणीतरी मोजलं म्हणून.

आश्रमशाळांतल्या मुलांसाठी असं मोजणारं कोण आहे? कागदावर आहे. देशात २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, २०२१पासून त्याचं नवं डिजिटल पोर्टल आहे. त्यात उद्रेक नोंदवले जातात. २००९ ते २०१८ या दहा वर्षांत त्यात अन्नातून झालेले अडीच हजारांहून जास्त उद्रेक आणि दीड लाखाहून जास्त आजारी माणसं नोंदली गेली. पण खाना कोणता? 'फूड पॉयझनिंग' किंवा 'तीव्र अतिसार'. ही लक्षणांची नावं झाली. जीवाणू कोणता, पदार्थ कोणता, चूक कुठली, हे त्या खान्यांतून कळत नाही. मी कंपनीत बग नोंदवताना 'ॲप चालत नाही' एवढंच लिहिलं तर टीम लीड ते तिकीट माझ्याच गळ्यात परत बांधेल. ईशान्येतल्या काही राज्यांत आयसीएमआरने अन्नातल्या जीवाणूंवर पाळत ठेवणारं वेगळं जाळं उभारलंय. मग पालघर, नंदुरबार, गडचिरोलीला का नको?

कायद्याचंही ऐका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६, कलम ३५. अन्नबाधेचे रुग्ण आले तर डॉक्टरांनी ते कळवावेत असं अन्न प्राधिकरण अधिसूचना काढून बंधनकारक करू शकतं. करू शकतं. या क्रियापदावर अख्खं कलम झोपलंय. त्याच कायद्याचं कलम ६५ नुकसानभरपाईचं. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाला तर किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, बाकी इजेला १ लाखापर्यंत. मागायला जा. पहिला प्रश्न येईल, याच अन्नाने झालं हे कशावरून? कल्चर नाही, कोण काय जेवलं याची यादी नाही, पहिल्या उलटीची वेळ नाही. म्हणजे मोजणी न करणं हे नुसतं अज्ञान राहत नाही, त्यातून पैसे वाचतात आणि नोकऱ्या वाचतात. कुणी ठरवून करतं असं मी म्हणत नाही. ठरवायची गरजच पडत नाही.

प्रयोगशाळा नाहीत, ही पुढची सबब. २०२०च्या सुरुवातीला कोविडची चाचणी करणारी देशात एकच प्रयोगशाळा होती, आपल्या पुण्यातली एनआयव्ही. जूनच्या अखेरीस हजारावर होत्या. शौचाचं कल्चर हे तर त्याहून कितीतरी जुनं आणि साधं काम. पहिल्या पंधरा-वीस आजारी मुलांचे नमुने, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, वाहतुकीच्या माध्यमात घालून जिल्ह्याला पोचवायचे. जेवणाची एक वाटी रोज झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवायची. आणि मुख्य म्हणजे जे सापडेल ते मुलांची नावं काढून महिन्याभरात जाहीर करायचं, काही नाही सापडलं तर तसं जाहीर करायचं. अमेरिकेत १९९३ साली एका बर्गर साखळीच्या अर्धकच्च्या मांसातून ई. कोलायने सातशेहून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं गेली. तीन वर्षांत तिथे पल्सनेट उभं राहिलं. जीवाणूंच्या डीएनएचे ठसे वेगवेगळ्या राज्यांतल्या प्रयोगशाळा एकमेकांना दाखवू लागल्या, आणि लांबलांबच्या शहरांतले आजारी एकाच कारखान्याच्या मालामुळे आजारी आहेत हे कळू लागलं. चार मुलांवर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अन्नातून होणाऱ्या आजारांनी जगात वर्षाला ४,२०,००० माणसं मरतात, त्यांतली १,२५,००० पाच वर्षांखालची. त्यातली आपली किती, ते विचारू नका. विचारलंत तर अंदाजच मिळेल.

मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री डहाणू लोकलने बोईसरला उतरलो. बाहेर माझा शाळेतला मित्र रिक्षा लावून उभा होता. त्याची मुलगी सहावीत, आश्रमशाळेत, घरापासून दोन तासांवर. मी हे सगळं लिहितोय म्हटल्यावर त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. मला फोन आला तर मी काय विचारू ते सांग."

त्याच्या फोनमध्ये नोट्स उघडून मी टाइप केलं. डबा किती वाजता आला, किती वाजता वाढला. तिला पहिली उलटी किती वाजता झाली. किती मुली जेवल्या, किती आजारी, काय न खाल्लेल्या मुली बऱ्या आहेत. शौचाचा नमुना घेतला का, औषध देण्याआधी घेतला का. कालच्या जेवणाची वाटी फ्रीजमध्ये ठेवली आहे का.

त्याने ओठ हलवत दोनदा वाचलं. मग म्हणाला, "शेवटचं विचारायला फोन कशाला यायला पाहिजे? रविवारी भेटायला चाललोय तिला, तेव्हाच फ्रीज बघून येतो." मागून तीन बायका पिशव्या घेऊन आल्या, कुंभवली नाक्याला किती घेणार म्हणाल्या, आणि त्याने फोन खिशात टाकून रिक्षा चालू केली.